माळावर चढावं लागतं

नागपुरात 'बर्डीवर (म्हणजे सीताबर्डीला) जाऊन येतो' असं म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कपड्यांची दुकानं, मेट्रोचं स्टेशन आणि गर्दी असते. टेकडी कोणाच्याच डोळ्यांपुढे नसते. तरी शब्दाला चिकटलेला तो 'वर' उगाच आलेला नाही. बर्डी म्हणजे उंचवटा, लहान टेकडी. १८१७ च्या नोव्हेंबरात भोसल्यांच्या फौजेची आणि इंग्रजांची लढाई झाली ती इथल्याच दोन टेकड्यांवर, एक मोठी आणि एक लहान. किल्ला आजही मोठ्या टेकडीवर उभा आहे. बाजार पायथ्याशी पसरला आणि उंचवट्याचं नाव सपाटीला मिळालं.

नेमकी हीच गत 'माळ' या शब्दाची झाली आहे. आज माळ म्हटलं की नजर पोचेल तिथवर उघडी, रिकामी जागा डोळ्यांपुढे येते. बरेच जण 'माळ = मैदान' असं सरळ समीकरण मांडून मोकळे होतात. ते चूक आहे. माळ या शब्दाच्या पोटात आधी उंची आहे. मोकळेपणा त्या उंचीच्या मागून येतो, आणि तो का येतो ते मातीत दिसतं.

या शब्दाचा सगळ्यात नामी पुरावा नागपूरहून पन्नासेक किलोमीटरवर आहे. कालिदासाच्या मेघदूतातला यक्ष रामगिरीवर राहतो. हा रामगिरी म्हणजे रामटेक, ही ओळख नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी नेटाने मांडली. छत्तीसगडमधल्या सरगुजाचा रामगढही दावेदार आहे, पण वाकाटक राणी प्रभावतीगुप्ताचा ऋद्धपूर ताम्रपट रामगिरीस्वामीच्या, म्हणजे रामगिरीवरच्या देवाच्या, पायांपासून दिलेला आहे, आणि वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन रामटेकच्या अगदी शेजारची. त्यामुळे पारडं रामटेकच्या बाजूने झुकतं. असो. यक्ष मेघाला वाट सांगतो ती पूर्वमेघात, म्हणजे काव्याच्या पहिल्या भागात. त्यात अगदी सुरुवातीलाच हे शब्द येतात: 'सद्यःसीरोत्कषणसुरभि क्षेत्रमारुह्य मालम्'. नुकताच नांगर फिरल्यामुळे सुगंधी झालेल्या माल नावाच्या क्षेत्रावर चढून पुढे जा.

यातला सगळा जीव 'आरुह्य' या एका शब्दात आहे. आरुह्य म्हणजे चढून. मैदानावर कोणी चढत नाही. मेघदूताचा जुना टीकाकार मल्लिनाथ याने टीकेत 'शैलप्रायमुन्नतस्थलम्' असा अर्थ दिला आहे, म्हणजे डोंगराळ, उंच जागा, आणि आधाराला उत्पलमाला कोशातलं 'मालमुन्नतभूतलम्' उद्धृत केलं आहे. उन्नत भूतल: वर उचललेली जमीन. यात रिकामं, ओसाड, पडीक असं काहीही नाही. उलट कालिदासाचा माल नांगरलेला आहे, आणि शेतकऱ्यांच्या बायका पीक मेघाच्या हाती आहे हे जाणून त्याच्याकडे डोळे भरून पाहतात.

आता रामटेकहून उत्तरेला निघा. मनसरवरून सिवनीचा रस्ता धरला की खवासापर्यंत जमीन बेताचीच वर येते. पुढे कुरईचा घाट लागतो आणि घाट संपला की सिवनीचं पठार. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर आहे आणि सिवनी सहाशे मीटरच्या आसपास. घाट चढून वर आलं की समोर पुन्हा सपाट, नांगरलेली जमीन. कालिदासाने नेमका हाच रस्ता डोळ्यांपुढे ठेवला होता असा हट्ट मी धरणार नाही. काही अभ्यासकांनी हा माल पार छत्तीसगडात रतनपूरकडे नेऊन ठेवला आहे. पण 'उंच, सपाट आणि कसलेली' हे तिन्ही गुण एका जागी कसे नांदतात हे ज्याला कळत नाही त्याने हा घाट एकदा चढून बघावा.

संस्कृत 'माल' आणि मराठी 'माळ' यांचं नातं नुसत्या दिसण्यावर सांगितलं तर ते फसवं ठरू शकतं. इथे मात्र ध्वनीचा नियम पाठीशी आहे. संस्कृतात दोन स्वरांच्या मधे एकटा ल आला की मराठीत त्याचा ळ होतो. फल – फळ, कुल – कुळ, बल – बळ, काल – काळ. तोच ल प्राकृतात जोडाक्षर होऊन आला असेल, म्हणजे ल्ल, तर मराठीत साधा ल राहतो. गल्ल – गाल. बिल्व, मग बेल्ल, मग बेल. यामुळे मराठीत फार देखण्या जोड्या तयार झाल्या आहेत. 'काळ' आला तो काल या शब्दावरून, आणि 'काल' (आजच्या आदला दिवस) आला तो कल्य – कल्ल यावरून. 'वेळ' आली वेला वरून, आणि 'वेल' आली वेल्ली – वल्ली यांच्याकडून. या नियमाने संस्कृत 'माल' मराठीत आला तर 'माळ'च व्हायला हवा, आणि तो तसाच झाला आहे. बाजारातला 'माल' अरबीतून उशिरा आला. तोवर हा बदल होऊन गेला होता, म्हणून त्याचा ल शाबूत राहिला. मालमत्ता या शब्दातलाही तोच अरबी माल.

एवढा नियम माहीत असला तरी माळेत माळ गुंतते. गळ्यातली माळही माळच, आणि तीही 'माला' वरून नियमाप्रमाणेच आलेली. वेगळं करायचं ते लिंगाने आणि सामान्यरूपाने. जमिनीचा तो माळ: माळाला, माळाचा, माळावर. फुलांची ती माळ: माळेला, माळेत, अनेकवचन माळा. घरातला तो माळा: माळ्याला, माळ्यावर, अनेकवचन माळे. बागेतला तो माळी: माळ्याला. ज्यात विहीर असते तो मळा: मळ्यात. बातम्यांत 'माळ्यावर चरणारी गुरं' असं छापून येतं, तेव्हा गुरं छताखालच्या जुन्या ट्रंकांशेजारी उभी असतात. मुद्रितशोधन करणाऱ्याने आणखी एक जागा तपासावी. 'माळावरचा' हे बरोबर आणि 'माळेवरचा' म्हटलं की मणी आले. 'माळांवर' मात्र दोन्हीकडे चालतं, तिथे वाक्यच बघावं लागतं.

यातल्या माळा आणि मळा या दोघांना माळाचे भाऊ ठरवायचा मोह आवरावा. माळा उंचावर असतो, माळवद म्हणजे सपाट मातीचं छप्परही उंचावरच (आपल्याकडे त्याला धाबं म्हणतात), तेव्हा सगळे एकाच घरातले, असं वाटतं. अर्थाची जवळीक हा पुरावा नव्हे. मजल्यासाठी द्राविडी भाषांत माड, माडी अशा शब्दांची मोठी ओळ आहे आणि मराठी माडी तिथूनच आलेली. माळा त्या ओळीला जवळचा की आपल्या माळाला, हे नुसत्या उंचीवरून ठरत नाही. मळ्याचं तर उलटंच आहे. मळा सखल, गाळाचा, पाण्याजवळचा. मळई शब्द आठवा. माळ आणि मळा हे अर्थाने एकमेकांसमोर उभे आहेत, आणि दोघांत फरक एका कान्याच्या जागेचा.

माळवा प्रांताचं नावही माळावरून आलं असं ऐकू येतं. माळवा पठारच असल्याने ते कानाला पटतं. पण ते नाव मालव या प्राचीन गणाचं आहे. लोक आधी, मुलूख मागून. तमिळ मलै म्हणजे डोंगर आणि आपला माळ यांचं नातं त्यापेक्षा जास्त वजनदार आहे, कारण संस्कृत मलय तिथूनच आला आहे. अडचण एकच: मलै मधला म ऱ्हस्व आहे, माल मधला दीर्घ. हा स्वर कसा लांबला ते दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

बर्डीच्या नावाचीही अशीच एक गोष्ट सांगितली जाते. शितलाप्रसाद आणि बद्रीप्रसाद नावाचे दोन गवळी भाऊ, त्यांच्यावरून शितलाबद्री, आणि इंग्रजांच्या तोंडी त्याचं सीताबर्डी. गोष्ट छान आहे. पण द चा ड करायचा, र ला त्याच्या पुढून उचलून मागे ठेवायचा, आणि एवढी कसरत करून जो शब्द हाती येतो तो नेमका टेकडीला म्हणतात तोच, आणि जागेवर टेकडी आहेच. इतका योगायोग पचत नाही. शिवाय बरड, बर्डा, बर्डी या नावांची ठिकाणं आणखीही आहेत, तिथे कोणी बद्रीप्रसाद नव्हता. जिथे साधा शब्द जागेवर बसतो तिथे माणसांची गोष्ट लागत नाही.

आता मातीकडे. नागपूर–वर्धेकडचा शेतकरी जमिनीला काळी, मोरंड, खर्डी, बरडी अशी नावं देतो. ही नावं जुन्या जमीन-बंदोबस्ताच्या कागदांतही आहेत. काळी म्हणजे खोल, भारी, उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी. मोरंड तिच्या खालोखाल. खर्डी हलकी. आणि बरडी म्हणजे मुरमाड, वीतभर माती आणि खाली सरळ खडक किंवा मुरूम. नागपुरातच राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेचं मुख्यालय आहे. तिथल्या प्रतवारीत २५ ते ५० सेंटिमीटर खोलीची जमीन उथळ मानतात आणि २५ च्या आतली खूप उथळ. बरड बहुतेक या दुसऱ्या खणात पडते.

ही चार नावं वेगवेगळ्या गावांची नसून बहुधा एकाच उताराची असतात. माथ्यावर बरड, उतारावर खर्डी आणि मोरंड, तळाला नाल्याकाठी काळी. कारण पावसाचं. दर पावसाळ्यात पाणी माथ्यावरची बारीक माती सोडवतं आणि खाली नेऊन टाकतं. वर जाड खडे उरतात. मातीच नाही म्हणून पाणी धरून ठेवायला जागा नाही, नोव्हेंबर उजाडला की ओल संपते. मोठ्या झाडाच्या मुळाला खडक लागतो. गवत मात्र वीतभर मातीत पावसाचे चार महिने काढतं, बी टाकतं आणि वाळून जातं. मग त्यावर गुरं चरतात, आणि एखादं बाभळीचं, बोरीचं रोप निघालंच तर तेही खुंटतं. मोकळेपणा असा तयार होतो. उंची, मग पातळ माती, मग गवत, मग उघडी नजर. माळ या शब्दाचा अर्थ 'उंच जमीन' वरून 'मोकळी जागा' कडे सरकला तो याच वाटेने. शब्दाने जमिनीचाच उतार धरला. कालिदासाच्या मालावर माती होती म्हणून नांगर चालला. दख्खनच्या पातळ मातीच्या माथ्यांवर शब्द रुळला, तसा त्याच्या अर्थात खडकाळपणा मिसळत गेला.

मग नागपूरच्या बोलीत माळ का ऐकू येत नाही? इथे शेताला वावर म्हणतात, रानाला जंगल, गुरं जमायच्या गावकुसाबाहेरच्या जागेला आखर, आणि मुरमाड उंचवट्याला बरड. माळरान हा शब्द इथे पाठ्यपुस्तकातून आणि पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांतून येतो. एक तर्क असा करता येतो की वऱ्हाडी–नागपुरी बोलीत ळ चा य होतो. डोळा डोया, आभाळ आभाय, जवळ जवय. त्या न्यायाने माळ झाला असता माय. 'मायवर गुरं नेली' म्हटल्यावर घरात गोंधळच. तर्क गमतीचा आहे, पण मला तो पुरेसा वाटत नाही. गळ्यातली माळही या बोलीत मायच होते आणि ती मजेत टिकली आहे. एकसारखे ऐकू येणारे शब्द वाक्यात आपापली जागा शोधून घेतात. खरं कारण बहुधा एवढंच की इथल्या शेतकऱ्याला उंचीपेक्षा मातीची प्रत सांगायची होती, आणि त्यासाठी बरड हा जास्त कामाचा शब्द हाताशी होता. पिकाचा हिशोब बरडीवर वेगळा, काळीवर वेगळा. माळ म्हणून तो हिशोब होत नाही.

माळरानातलं 'रान' मात्र थोडं बघण्यासारखं आहे. अरण्य, मग प्राकृतात रण्ण, मग रान. शब्दाच्या तोंडचा अ गळून गेला. कच्छचं रण याच्याशी जोडू नका. ते इरिण म्हणजे खारट, उजाड जमीन या शब्दावरून आलं आहे. गंमत अशी की माळरान या जोडशब्दात एक भाग झाडं नसलेल्या जागेचा आणि दुसरा झाडं असलेल्या जागेचा. पश्चिम महाराष्ट्रात रान म्हणजे शेतसुद्धा, त्यामुळे तिकडे ते खटकत नाही.

मैदानाबद्दल थोडक्यात. शब्द फारसी, आणि त्याच्या मुळाशी 'मध्य' हा अर्थ आहे असं बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. फारसी मियान म्हणजे मध्य. आपल्या 'दरम्यान'मध्ये तोच आहे. म्हणजे लांबून मैदान आपल्या संस्कृत मध्य शब्दाचा भाऊबंद लागतो. अरबी कोशकारांनी मात्र त्याला हलणं-डोलणं या अर्थाच्या म-य-द धातूखाली बसवलं, घोडे तिथे दौडतात म्हणून. परका शब्द आपल्या व्याकरणाच्या साच्यात कोंबला की असंच होतं, मराठीतही होतं. इस्फहानचं नक्शे जहान मैदान घ्या किंवा युक्रेनमधल्या कीव्हचं मैदान. दोन्ही शहराच्या मधोमध, चहूबाजूंनी इमारतींनी घेरलेली. मैदानाला कड असते. नागपूरचे चिटणीस पार्क आणि कस्तुरचंद पार्क नावाने पार्क, पण बांध्याने अस्सल मैदानं: शहराच्या पोटात, चारी बाजूंना रस्ते, सभा आणि सामने भरवायला तयार. माळाला कड नसते, तो उतरत उतरत दुसऱ्याच कशात तरी मिसळतो. 'माळ भरला' असं कोणी म्हणत नाही.

पक्ष्यांच्या नावात माळ अजून जुन्या नेमकेपणाने वापरला जातो. साधी टिटवी तळ्याकाठी, नाल्याकाठी दिसते. डोळ्यांपुढे पिवळ्या गलुली (मांसल लोलक) असलेली माळटिटवी कोरड्या, खडेरी, विरळ गवताच्या जमिनीवर असते आणि पाण्यापासून दूर खड्यांतच अंडी घालते. माळढोक तर नावातच पत्ता सांगतो. वरोरा–भद्रावतीकडच्या माळांवर तो होता. पक्ष्याला 'मैदानटिटवी' असं नाव कोणी दिलं नाही, यातच दोन शब्दांमधला फरक आला.

ज्यांना स्वतः शोध घ्यायचा आहे त्यांच्यासाठी: मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) शब्दापुढे कंसात मूळ भाषेचं अक्षर असतं, ते आधी बघावं. दाते–कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात (१९३२ ते १९३८, सात खंड) प्रांतिक अर्थ मिळतात. कृ. पां. कुलकर्णींचा व्युत्पत्ति कोश (१९४६) त्यानंतर उघडावा, आणि टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश सगळ्यात शेवटी. क्रम उलटा केला की आधी व्युत्पत्ती आवडते आणि मग अर्थ तिला जुळवून घेतले जातात. 'माळा'च्या बाबतीत ही चूक हमखास होते. तसंच कोशात शब्द शोधताना माळ आणि माल दोन्ही ठिकाणी बघावं, कारण जुन्या छपाईत ळ आणि ल यांची गफलत आढळते.

सरकारी दप्तरात मात्र ना माळ टिकला ना बरड. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांच्या महसुली नोंदींत अशा मुरमाड, खुरट्या झुडपांच्या जमिनींसाठी 'झुडपी जंगल' हा प्रकार आहे. महाराष्ट्रात इतरत्र तो नाही. नोंद करणाऱ्याला त्या जमिनीवर उंची दिसली नाही, माती दिसली नाही, दिसली ती झुडपं. पण पुढे जोडलेल्या 'जंगल' या शब्दाने कायद्यात काम केलं. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने विदर्भातली ही सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन वनजमीनच धरायची असा निकाल दिला. तिच्यातल्या कितीतरी तुकड्यांवर आजही झाड शोधावं लागतं, आणि तिथवर जायला चढच लागतो.